'बाय' या शब्दाचं पान

नानामामा गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी कात्रजच्या तलावाकाठी बसलो होतो. "तुमचे इंग्रजीवाले मामा गेले," निरोप्या म्हणाला. मी मान हलवली आणि तसाच बसून राहिलो... चार वर्षं आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो.

मामा एका सरदाराच्या दफ्तरात गोऱ्यांच्या इंग्रजी पत्रांचा मराठीत तर्जुमा करत. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या ओटीवर इंग्रजी शिकणारे कारकून शंका घेऊन येत. "लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे मागून. मग लुक आफ्टर म्हणजे मागून बघणं ना?" मामा अडकित्ता खाली ठेवत. "अहो, मागून बघणारे पुण्यात पुष्कळ आहेत. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं." ऑन, ऑफ, अप, बाय यांना ते शेपटं म्हणत. शेपूट बदललं की जनावरच बदलतं, असं त्यांचं म्हणणं.

मग ते पत्र आलं. लढाई तोंडावर होती. गोऱ्यांची पलटण 'विल स्टँड बाय', असं त्यांच्या कप्तानानं सरदारांना कळवलं होतं. मामांच्या हातचा तर्जुमा गेला : पाठीशी उभी राहील. पलटण नदीच्या पलीकडच्या काठावर उभी राहिली आणि आपली माणसं कापली जाताना बघत राहिली. स्टँड बाय म्हणजे नुसतं बाजूला उभं राहणंही होतं, हे पुण्याला असं कळलं.

मी हातानं लिहून हातोहात फिरणाऱ्या पत्रकांवर वाढलेला. मीही एक लिहिलं आणि तर्जुमा करणाऱ्याला फितूर म्हटलं. मामांचं नाव घातलं नाही, गरजच नव्हती. आठवड्यानं मामा रस्त्यात समोर आले. "अक्षर सुधारलं तुझं," एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. त्यांचं कामही सुटलं. ओटीवर येणारे कारकून दुसरीकडे जाऊ लागले.

तेराव्यानंतर मामींनी त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. पानोपानी शेपटं. 'बाय'च्या पानात त्या तर्जुम्याचा पहिला खर्डा घडी घालून ठेवलेला होता. 'पाठीशी किंवा बाजूला. कप्तानास विचारून घ्यावे.' 'पाठीशी' सोडून बाकी सगळ्यावर आडवी काट होती.

"काट सरदारांच्या कारभाऱ्यांची," मामी म्हणाल्या. "गोऱ्याला शब्दाचा अर्थ विचारला तर दौलतीची अब्रू जाईल म्हणाले. ह्यांनी दोनदा हात जोडले."

"मग मामांनी हे कुणालाच का सांगितलं नाही?"

"विचारायला आलं होतं कोण?"

माझं ते पत्रक ज्या हातांतून फिरलं, त्याच हातांत हेही जावं म्हणून लिहितो आहे. कारभाऱ्यांवर रागवायचंही त्राण आता नाही... वही माझ्या बैठकीपाशी असते. लिहायला बसलो की आधी तो खर्डा उघडतो. काटेखालची अक्षरं अजून स्पष्ट आहेत : विचारून घ्यावे. अजून विचारून व्हायचं आहे, म्हणून दोन नवी पत्रकं तिथेच अडून राहिली आहेत.