राखेच्या विटा आणि आय

आमची आय चुलीतली राख कधी उकिरड्यावर टाकू देत नसे. आय म्हणजे माझी सासू. सकाळी चूल थंड झाली की ती राख चाळायला बसायची. बारीक राख वालाच्या बियाण्यात, कीड लागू नये म्हणून. जाडी भांडी घासायला. उरलेली भाताच्या रोपांना. वाडीतल्या बायका म्हणायच्या, "आयच्या घरात चोर शिरला तर राखच घेऊन जाईल." आय म्हणायची, "नेऊ दे गो, त्याचं पण वाल टिकतील."

वरंधच्या वर डोंगरात आमची वाडी होती. एका पावसात दरड आली. सासरे गुरं सोडायला गोठ्यात गेले. गुरं बाहेर पडली, पण गोठ्याची दगडी भिंत सासऱ्यांवर बसली आणि तिच्यावर डोंगर. ते सापडलेच नाहीत. मग गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. ती राख मात्र आयने हातात घेतली नाही. "ही गवताची हाय," एवढंच म्हणाली.

पुढे खाली रस्त्याजवळ जागा मिळाली. पत्र्याच्या शेडमध्ये राहून आम्ही घर बांधायला काढलं. माझे मालक महाडला बांधकामावर जातात. त्यांनी राखेच्या विटा ठरवल्या. जेवताना आयला समजावायचे, "दगडापेक्षा भार कमी. सगळ्या विटा एका मापाच्या, म्हणून सिमेंट कमी लागतं. पाणी कमी पितात, भिंतीला ओल येत नाय. शेतातली माती खणायला नको, भट्टी लावायला नको."

"राख कसली?" आयने विचारलं.

"कोळशाची. वीज तयार करतात तिथली."

"तू बघितलास जाळताना?"

हे हसले. आय हसली नाही. विटा आल्या तेव्हा तिने एक उचलून नाकाशी धरली. "चुलीचा वास नाय हिला," म्हणाली आणि जपून खाली ठेवली.

लाल विटा बांधायच्या आधी भिजवायच्या, ही आमच्याकडची पद्धत. धाकट्या दिरांनी त्याच सवयीने या विटाही दिवसभर पिंपात बुडवून ठेवल्या. गवंडी ओरडला, "अरे, हिला नुसता शिंपडा पुरे! आता सिमेंटचा माल धरायचा नाय." पण सिमेंट कालवून झालं होतं. ते फुकट जाईल म्हणून त्याने तशाच बांधल्या. संध्याकाळी मागची भिंत फुगली आणि खाली आली. कोणाला लागलं नाही. आय अंगणात वाल पाखडत होती, तिच्या हातून सूप पडलं. शेडची एक बाजू गोठ्यासारखी केलेली होती, तिथे ती गेली आणि गुरांची दावी सोडायला लागली.

भिंत पुन्हा नीट बांधली. आम्ही राहायला गेलो. आय आली नाही. "तुमी राहा. मी गुरांपाशी हाय." हे विनवायचे, मग चिडायचे. "लोक काय म्हणतील? पोरगा घरात आणि आई शेडात!" आय वैरण घालत राहायची.

पाऊस लागला तसा तिला खोकला झाला. घराच्या भिंती चांगल्या, दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. म्हणून मी खिडकी उघडी ठेवून निजायचे, तिचा खोकला कळावा म्हणून. एकदा भर पावसात मी तिला हात धरून आणलं. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने आतल्या भिंतीवर तळवा फिरवला.

"कोरडी हाय गो," ती म्हणाली.

मला वाटलं, आता येते.

"बरी हाय. पोरांना निजव आत." आणि ती पावसातून परत गेली.

त्याच पावसात ती वारली. शेडमध्येच. हे म्हणाले, "निदान आता तरी तिला घरात घ्या." माणसांपुढे मी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "आत नको. आयला नको होतं." अंगणातच तिला ठेवलं. वरून प्लॅस्टिक धरून माणसं उभी राहिली.

तिची राख मिळाली. ती नदीत सोडून आल्यावर हे ओल्या कपड्यांनीच किती वेळ पायरीवर बसून होते.

नव्या घरात गॅस आहे, राख होत नाही. वालाच्या डब्यात तिने चाळलेली शेवटची राख आहे. पेरणीला वाल काढते तेव्हा राख झटकते ती परत डब्यातच.

पावसात ती खिडकी मी अजून उघडी ठेवते. हे म्हणतात, "अगो, पाणी येतं आत." मी सकाळी उठून पुसून घेते.