हिरवा दिवा लागला का

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर होते, दोन्ही कुणीतरी वापरून कंटाळलेले. एक माझ्या खोलीत, शाळेतल्या माझ्या नोकरीच्या कामासाठी घेतलेला. दुसरा माझ्या धाकट्या जावेच्या खोलीत. दीर ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता, तिथल्या ऑफिसातून मोडीत निघालेला. कापसाची ती वाईट वर्षं. बाभुळगाव रोडवरची ती जिनिंग दिवाळीनंतर थोडे दिवस चालायची, मग पुन्हा कुलूप. दीर घरीच असायचा. घरात पगार आणणारी बाई मी एकटी. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, तशी गरजच पडत नव्हती. आज भाजी कोणती करायची, हेसुद्धा सासूबाई मला विचारून ठरवायच्या.

टेलिफोनच्या तारेवरचं नेट माझ्या खोलीत होतं. एका नेटवर दोन्ही मशिनी चालवता येतील, असं जाऊ म्हणाली तेव्हा मी हसले. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला, एवढ्या जुन्या डब्यांवर जमणार नाही म्हणाला. मग तिने स्वतःच वायर आणली, ती जात होती त्या कॉम्प्युटर कोर्समधल्या सरांकडून प्लग दाबायची पकड मागून आणली आणि ओसरीत बसून वायरच्या दोन्ही टोकांना प्लग दाबले. एका टोकाला रंगांची अदलाबदल केलेली पाहून मी चूक दाखवली. ती म्हणाली, "नाही ताई, तसंच असते. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी आलं पाह्यजे. तोंडाशी तोंड आलं तर दोघंही बोलून राह्यतीन, आयकन कोण?"

मामाजी, म्हणजे आमचे सासरे, यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या कुठल्या बोलण्यावर ते असे हसलेले मला आठवत नाहीत.

इथे एक सांगायला हवं. माझी खोली म्हणजे तिच्या भासऱ्यांची खोली, तिच्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची. ती कधी आमचा उंबरा ओलांडत नसे. हे ऑफिसला गेलेले असले तरी नाही. आमच्या घरात तसा नियम नव्हता. मुकुटबनच्या माहेरून ती हे वळण घेऊन आली होती. त्यामुळे वायर झरोक्यातून माझ्याकडे आली, ती पदर सावरून उंबऱ्याशी उभी राहिली आणि मी डब्यामागे वाकून ती सांगेल ते करत गेले.

"ताई, मागं हिरवा दिवा लागला का?"

"लागला."

ती धावत तिच्या खोलीत गेली. तिच्याकडेही लागला होता.

त्यानंतर रोजचं ठरून गेलं. भारनियमन संपून लाईट आली की आधी माझी मशीन सुरू व्हायची, मग तिची. ती उंबऱ्याशी येऊन दिव्याचं विचारायची, मी वाकून बघायची. आठवडाभरात मामाजींची खुर्ची माझ्या दारातून उठून तिच्या दारात गेली. कापसाचे भाव ते आधी माझ्याकडून पेपरात वाचून घेत. भाव हलला की जिनिंग उघडेल, एवढाच त्यांचा हिशोब. आता ते म्हणत, "राहू दे, धाकटी ताजा भाव सांगते." मी पेपराची घडी करून ठेवून द्यायची.

अशात तिने लोहाऱ्याच्या एका कारखान्यात ऑफिसच्या कामासाठी अर्ज केला. मुलाखतीची तारीख ई-मेलवर कळणार होती. सासूबाई मला म्हणाल्या, "लागली ते नोकरीले, तर तुह्यावरचं ओझं कमी होईन." त्या चांगल्या मनाने बोलल्या. मला मात्र ते ओझं हवं होतं. तेवढंच माझं होतं.

त्या दुपारी लाईट आली. मी मशीन सुरू केली, मागे हात घातला आणि वायरचा प्लग जरासा बाहेर ओढला. पूर्ण काढला नाही, नुसता सैल केला.

ती उंबऱ्याशी आली. "ताई, माह्याकडचा दिवा लागून नाही राह्यला. तुमच्याकडचा लागला का?"

मी वाकलेसुद्धा. बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "लागला ना."

एका बाजूला दिवा आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे वायरमधली एखादी तार प्लगमध्ये नीट बसलेली नाही, हे तिला कोर्समध्ये शिकवलं होतं. तिने माझ्या शब्दावर तो हिशोब केला आणि दोष स्वतःच्या हातावर घेतला. चार दिवस ती तिच्या बाजूचं टोक कापत होती, नवा प्लग दाबत होती. बोटांना तारा टोचल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ती चौकातल्या कॅफेत जायला निघाली, तर मीच म्हणाले, "कायले जातं उन्हात? आज जमून जाईन." माझ्या मशीनवर नेट व्यवस्थित चालू होतं. 'ये आत, इथं बसून बघून घे', एवढं म्हटलं असतं तरी ती आली असती. तिला फक्त कोणीतरी बोलवायला हवं होतं.

पाचव्या दिवशी मी प्लग आत दाबला. त्याच वेळी तिकडे तिने नवा प्लग लावला होता. दिवा लागला. तिचा आनंद मला भिंतीपलीकडून ऐकू आला. मग तिने ई-मेल उघडला. मुलाखत आदल्या दिवशी होऊन गेली होती.

संध्याकाळी माझ्याकडे चहा घेऊन आली, उंबऱ्याबाहेरूनच कप पुढे केला. "वायर माहीच खराब होती, ताई," म्हणाली. मी कप घेतला.

पुढे तिने घराच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. तो चालला, अजून चालतो. एकदा काही कामाने मी दाराशी गेले तर ती मुलींना पकड धरायला शिकवत होती. सांगत होती, "दोनदा दाबत जा. मी एकदाच दाबलं होतं, त्याच्यात माही नोकरी गेली." मुली हसल्या. दर बॅचला ती हे सांगते, असं मला नंतर कळलं. माझं खोटं तिथे धडा होऊन बसलं आहे. मी दारातूनच मागे फिरले.

आता निवृत्तीनंतर मी थोडंफार लिहिते, हातानेच. टाईप तीच करून देते. अक्षर लागलं नाही की कागद घेऊन येते आणि अजूनही उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारते. हे कागदही उद्या तिच्याकडेच जातील. कुठला शब्द विचारायला तिला यावं लागू नये, म्हणून या वेळी अक्षर सावकाश काढलं आहे. दार मात्र उघडं ठेवणार आहे, आणि ती आली तर आधी आत बोलावणार आहे.