ताण्यापलीकडचं दार

सुती साडीसाठी खळ शिजायला ठेवली की त्या वासासरशी मी नागपूरच्या आमच्या विणकर घरात जाऊन पोचते. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराचा मे महिना. माझे दिवस भरले होते आणि कळा येत नव्हत्या.

पुढच्या खोलीत माझे सासरे, आमचे मामंजी, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साडी विणायचे. मागावरचं उभं सूत, म्हणजे ताणा, दारासमोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा पसरलेला. तो ओलांडायचा नाही, खालून वाकून जायचं, ही घरची रीत. मला तर आता वाकताच येत नव्हतं. मागच्या बाजूला मोरी आणि उंच भिंत.

"काही होऊन राहिलं का वं?" सासूबाई सारख्या विचारायच्या. कळा आल्यावर मला बाहेर कसं नेणार, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

एका दुपारी मी ताण्याशी येऊन रस्त्याकडे बघत उभी राहिले. आडवं सूत टाकणारा धोटा थांबला. एरवी माझ्याशी अवाक्षर न बोलणाऱ्या मामंजींनी खुंटीवरची कात्री काढली.

"काहून सांगत नाही वं पोरी? कापू का?"

साडी अर्धीच झाली होती.

"नको. विणा तुम्ही."

धोटा पुन्हा सुरू झाला. दार होतं तिथेच राहिलं. तेव्हा वाटायचं, या घरात कोंडलेली मी एकटीच. आज खळ ढवळताना खड्ड्यात कमरेपर्यंत उतरलेले मामंजी आधी दिसतात.

कात्री मात्र त्यांनी परत खुंटीला लावली नाही. मला कळा येईपर्यंत ती त्यांच्या मांडीशीच होती.