चिमटीतलं कापड

चिमटीत धरून पाहिल्याशिवाय जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. मामा सरकारी कापड-तपासनीस. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून निघायचे, पानिपतला जायचे आणि सरकारी खरेदीच्या ब्लँकेटांचे गठ्ठे फोडून नमुने कापायचे. नमुना नापास झाला की अख्खा माल परत. व्यापारी गयावया करायचे, "साहब, एक सैंपल और ले लीजिए, दूसरी जगह से!" मामांचं उत्तर ठरलेलं, "सैंपल एक ही बार." या करारीपणाचं मामींना कोण कौतुक! मला, खरं सांगायचं तर, धडकी भरायची.

नोकरी सुटली, मयूर विहारात फ्लॅट झाला, पण चिमूट काही सुटली नाही. घरी आलेल्याला पाणी नंतर, आधी मामा त्याच्या बाहीचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळणार आणि निकाल देणार, "निम्मं पॉलिएस्टर. फसलात!" आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी त्यांना मानाची शाल दिली, तर या गृहस्थांनी भर मांडवात तिचा एक धागा ओढून त्याला काडी लावली. वडिलांचा चेहरा पांढराफटक. मामांनी जळका धागा हुंगला आणि जाहीर केलं, "केस जळल्याचा वास. अस्सल लोकर. मुलीकडची माणसं सज्जन आहेत." सासरी माझी पत वाढली ती अशी.

मग कधीतरी त्यांची बोटं रिकामीच चोळायला लागली. सोफ्यावर बसलेले असायचे, टीव्ही चालू, आणि उजवा अंगठा आपला तर्जनीवर फिरतोय. आम्ही हसायचो. "मामा, हवेत सुती किती?" "दिल्लीची हवा यार, सगळी भेसळ," असं म्हणून तेही हसायचे. पाय घासत चालायला लागले, तेव्हा वय झालं म्हणून सोडून दिलं. एका थंडीत बाथरूमच्या दारात पडले, मामींना काही केल्या उचलता येईना, खालून गार्डला बोलवावं लागलं, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टर गाठला. मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना चालवून पाहिलं, मनगट वाकवून पाहिलं, मांडीवर सैल ठेवलेल्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, पार्किन्सन्स वाटतोय. बोटांचं हे चोळणं त्याचंच लक्षण आहे. मेला रोग आला तोही मामांच्या चिमटीचं सोंग घेऊन! घरात कोणाला कळणार कसं?

मामा उसळले. "वाटतोय? नुसत्या वाटण्यावर मी कधी एक चादर नापास केली नाही. ही सवय आहे, रोग नाही. नमुना कुठे आहे?" गोळ्यांची पाकिटं तशीच पडून राहिली. ते पुन्हा पडले, आणि या वेळी त्यांना सावरताना मामींचा खांदा निखळला. मला मामांचा असा संताप आला म्हणता! मामी गळ्यात हात अडकवून माझ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या, "ह्यांना कोणीतरी पटवा गं. ह्यांना उचलता उचलता मीच जायची आधी."

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली. म्हणाल्या, त्वचेचा नमुना घेता येतो. मानेच्या मागून, मांडीवरून आणि घोट्याच्या वरून मसुराच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा आणि त्यातल्या बारीक नसांमध्ये या रोगाचं बिघडलेलं प्रथिन साठलंय का, ते प्रयोगशाळेत पाहायचं. एवढ्यावरच सगळं ठरत नाही, पण निदानाला आधार मिळतो. मामांचा चेहरा असा खुलला! तीन जागा कशासाठी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "बरोबर! नुसता किनारीचा तुकडा घेणारा तपासनीस चोर असतो." कातडी बधिर करून डॉक्टरीणबाई वाकल्या, तर हे पालथे पडून सूचना देतायत, "मैडम, सीधा काटिए, खींचिए मत." नर्सला हसू आवरेना. मला मात्र हसू येईना. माल पास होणार याची त्यांना खात्री होती, आणि मला तेवढीच नापास होण्याची.

रिपोर्ट आला. तिन्ही तुकड्यांत ते प्रथिन सापडलं. डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. मामी पदर तोंडाला लावून बसल्या.  मामा इतक्या बारीक आवाजात बोलले, की डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारावं लागलं.

"मैडम, एक सैंपल और ले लीजिए ना. दूसरी जगह से."

आणि त्यांनी हात जोडले. मामींनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघींनी माना खाली घातल्या.  डॉक्टरीणबाई उत्तर देणार तेवढ्यात मामांनीच हात खाली घेतले आणि विचारलं, "गोली खाना खाने से पहले लेनी है कि बाद में?"

आता गोळ्या वेळेवर घेतात. पडणं कमी झालंय, बोलणंही. आल्यागेल्याची बाही आता कोणी धरत नाही. संध्याकाळी मी जाते तेव्हा लग्नातली ती शाल त्यांच्या खांद्यावर घालते आणि तिचं टोक त्या रिकाम्या बोटांत देते. कापड लागलं की बोटं क्षणभर थांबतात, मग पूर्वीसारखी, जाणती होऊन चोळतात.

"कशी आहे, मामा?"

"अस्सल आहे, सूनबाई."

मग टोक हातातून निसटतं. बोटं चोळत राहतात.