इंजिन बंद न करता

पडदेवालीनं नवऱ्याकडे हट्टानं असं एकच काही मागितलं होतं. ताईच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबवून इंजिन बंद करावं, घटकाभर बसावं. बाकी तिचं त्याच्यावाचून अडत नव्हतं. पडदे शिवायचं दुकान तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं, गिऱ्हाइकांकडे पडदे पोचवायची व्हॅनही तीच चालवायची.

नवरा बस डेपोत वेळापत्रक सांभाळायचा. तिथे त्याला मिनिटकाटा म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे. दर सुट्टीत दोघं समुद्रावर जात, वाटेत तिच्या थोरल्या बहिणीचं गाव लागे. ताई फाट्यावर पेट्रोल पंपाशेजारी डबा घेऊन उभी असायची. मिनिटकाटा गाडी नुसती हळू करायचा, खिडकीतून डबा आत घ्यायला लावायचा आणि म्हणायचा, "येताना थांबू." येताना उशीर झालेला असायचा. ताई गाडीबरोबर चार पावलं चालत काहीबाही सांगायची, मग मागे राहायची. पडदेवालीच्या मांडीवर डबा गरम असायचा. पुढची चढण लागली की निवत जायचा.

ताई गेली त्या दिवशी मात्र त्यानं गाडी फाट्यावर वळवली, इंजिनही बंद केलं. त्या दिवशी त्याला कसलीच घाई नव्हती.

ती भांडली नाही. जुनी शिवण ओढून उसवली तर कापड फाटतं, एकेक टाका कापावा लागतो, हे तिच्या हातांना ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर त्यानं जुना ट्रेलर घेतला. दोन पलंग, शेगडी, वीतभर बेसिन, सगळं चाकांवर. लांबलचक सफर आखली, कुठल्या मुक्कामी किती वाजता पोचायचं तेसुद्धा ठरवलं. या सगळ्यात त्याचा खरा डोळा होता थोरल्या भावाच्या, दादांच्या गावावर. दादांनी त्याला बापाच्या मायेनं वाढवलं होतं. त्यांच्या अंगणात ट्रेलर उभा करायचा, त्यांना हाताला धरून आत न्यायचं, पलंगावर बसवायचं, एवढ्यासाठी तर खटाटोप.

पहिल्याच मुक्कामावर ट्रेलर गाडीला जोडताना त्याची कंबर धरली. आता परत फिरू म्हणाला. तिनं किल्ली उचलली आणि पुढे जायचं म्हणून सांगितलं.

ती गाडी इतकी हळू हाकायची, की मागून बैलगाडी येईल आणि हॉर्न देईल, असं तो करवादायचा. मागे घर बांधलंय, जोरात कसं चालवू, असं ती शांतपणे विचारायची. खरंच होतं ते. तिच्या प्रत्येक उशिराला असं रास्त कारण असायचं आणि त्यातच तिला मजा होती. संध्याकाळी ट्रेलरच्या चाकांखाली फळ्या सारत बसायची. ताटलीत पाणी घेऊन ते कुठे कलतंय बघायची, पुन्हा फळी काढायची. तुमच्या कमरेला पलंग सपाट नको का, म्हणायची. एका तळ्याकाठी तर तिनं मुक्काम वाढवला, ट्रेलरचे पडदे काढून धुतले आणि नव्यानं शिवले. मिनिटकाटा रोज दादांना फोन करून उद्या म्हणायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या म्हणायचा.

पण एका सकाळी तो तळ्याकाठी बटाटे सोलत बसला होता, मनगटावर घड्याळ नव्हतं. पाण्याकडे बघत म्हणाला, "बरं वाटतंय गं. आयुष्यभर उगाच धावलो."

तिचा हात थांबला. ती विरघळलीच असती. पण त्या 'उगाच'मध्ये तिची सबंध ताई बसली होती, आणि त्यानं तो शब्द बटाट्याच्या सालीसारखा पाण्यात टाकला होता.

त्याच दुपारी तिनं दादांना फोन केला. आम्ही उद्या नक्की येतोय, वेळेचं सांगता येत नाही, तेव्हा तुम्ही फाट्यावरच या, येताना जेवणाचा डबा आणा, म्हणाली. दादांचा काही दोष नव्हता, हे तिला कळत होतं. ताईचा तरी काय होता?

दादा फाट्यावर उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्यात डबा. मिनिटकाट्यानं लांबूनच हात बाहेर काढला, केस सारखे केले. तिनं गाडी अगदी हळू केली. तिच्या सांगण्यावरून त्यानं डबा खिडकीतून आत घेतला, मांडीवर ठेवला आणि दार उघडायला कडीला हात घातला. गाडी थांबली नव्हती.

"दादा, येताना थांबू," ती म्हणाली.

दादा हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. काठी टेकत गाडीबरोबर चालू लागले, ट्रेलर छान दिसतोय म्हणाले, कंबर कशी आहे विचारलं. मग त्यांना गाडीबरोबर चालणं जमेना.

"अगं, थांब ना. दादा आहेत."

"उशीर झालाय."

तो बाजूच्या आरशात बघत राहिला. आरशात आधी दादा होते, मग काठीएवढी रेघ, मग नुसता ट्रेलरचा कोपरा. त्यानं कडीवरचा हात काढून डब्यावर ठेवला. कळलं होतं त्याला.

तिनं विचारलं, "डबा गरम आहे?"

"आहे."

"चढण यायचीय अजून," ती म्हणाली आणि गिअर बदलला.