न उडालेली बंदूक

माझी बंदूक स्वस्तातली आहे आणि ते सांगायला मला कधी लाज वाटलेली नाही. तुर्कस्तानात बनलेली बारा बोअरची पंप. नळीखालचा लाकडी मुठा हाताने मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की नवं आत. तिचं शास्त्र एवढंच. मी ज्या सायकलवर कामाला जातो ती सायकल तिच्यापेक्षा महाग आहे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा नाही, त्यावर नक्षी नाही, आणि दोन वर्षांत तिने मला एकदाही तोंडघशी पाडलेलं नाही.

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या गाड्यांच्या कारखान्यात मी इंजिनिअर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हे मी मिरवतो, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. गावाबाहेर, माइन नदीच्या अलीकडच्या जंगलात नेमबाजीचा एक फेराइन आहे, म्हणजे क्लब. मशीनमधून मातीच्या केशरी तबकड्या हवेत सुटतात, त्या छऱ्यांनी फोडायच्या. वर्षभराहून जास्त काळ दुसऱ्यांच्या बंदुकांवर हात बसवला, परीक्षा दिली, घरात भिंतीला बोल्ट मारून लोखंडी कपाट बसवलं, ते बघायला सरकारी माणूस येऊन गेला, तेव्हा कुठे परवाना हातात पडला. आणि एवढं करून मी घेतली काय, तर पंप.

क्लबात एक दंतवैद्य आहे. त्याच्या दुनळीवर चांदीचं कोरीवकाम आहे, एका बाजूला तितर, दुसऱ्या बाजूला बदक. मी दिसलो की तो म्हणतो, "आल्झो, हाउसमाइस्टर आले." आल्झो म्हणजे ‘तर मग’, आणि हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, बंद पडलेला दिवा आणि तुंबलेली मोरी बघणारा. हे तो मला नाही, बंदुकीला म्हणतो. मी म्हणतो, "हो, आणि हाउसमाइस्टर आजारी पडत नाही." कारण त्याच्याकडे एक ऑटोमॅटिकही आहे, महागडी, ती काडतुसाच्या जोरावर स्वतःच स्वतःला भरते. थंडीत किंवा हलक्या काडतुसावर तिचं पोट बिघडतं. माझ्या पंपला काडतूस हलकं की भारी याचं सोयरसुतक नाही, कारण जोर माझ्या हाताचा असतो. ती अडकलीच तर समजायचं, आपण मुठा पुरता मागे ओढला नाही. घरी येऊन फडकं आणि दोन थेंब तेल, झालं.

पण खरं सांगायचं तर मी ती या हिशेबाने घेतली नव्हती. दुकानात ती दिसली आणि मला तात्या दिसले.

तात्या म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या गावी बँकेच्या दारात ते बंदूक घेऊन उभे असत. आधी एक जुनी दुनळी होती, तिचे घोडे ढिले झाले होते. वर्षातून एकदा जिल्ह्याच्या पोलीस मैदानावर सराव व्हायचा, तेव्हा ती कधी उडायची, कधी नुसती टिचकी वाजवायची. मग बँकेने सगळ्या शाखांना नव्या पंप बंदुका घेतल्या, सरकारी कारखान्यातल्या, त्यातल्या त्यात स्वस्त. आणि नेमका त्यानंतर सराव बंद झाला. तात्यांनी ती पंप निवृत्त होईपर्यंत खांद्याला लावली, रोज पुसली, खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घातला, पण ती कधी उडवली नाही.

शाळेतून येताना मी त्यांना बघायचो. दुपारी बँकेत गर्दी नसायची, पंखा हळू फिरायचा, फरशीवर उन्हाचा चौकोन सरकत सरकत त्यांच्या बुटांपर्यंत यायचा. तात्या उघड्या डोळ्यांनी कुठेतरी दूर गेलेले असायचे. गावातली माणसं पैसे काढून जाता जाता म्हणायची, "काय तात्या, बुजगावणं बरं आहे ना?" तात्या हसायचे. मला तेव्हा वाटायचं, त्यांना खरंच हसू येतंय.

गेल्या शरदात ते आणि आई आमच्याकडे आले. एका सकाळी बाल्कनीत चहा घेताना ते मला म्हणाले, "ते स्वप्न इथंही आलं रे."

"कुठलं?"

"दरोड्याचं. नेहमीचं."

मला या नेहमीच्या स्वप्नाचा पत्ताच नव्हता. बाहेर धुकं होतं, समोरची इमारत पाण्यात विरघळल्यासारखी दिसत होती, आणि तात्या त्या धुक्याकडे बघत सांगत होते. दारातून माणसं आत येतात. त्यांना तोंडं नसतात. तात्या बंदूक उचलतात, चाप ओढतात, आणि नळीतून भुसा गळतो. कधी पाणी. एकदा तर शेवंतीची फुलं. माणसं हसत आत निघून जातात.

"नोकरीत असताना यायचं, ते ठीक," ते म्हणाले. "आता कशाला येतं? एवढी वर्षं मी तिथं उभा होतो. ती उडणारी होती का नुसती शोभेची, हे मलाच माहीत नाही. लोक बुजगावणं म्हणायचे, त्यांना खोटं तरी कसं म्हणू?"

मी म्हणालो, "तात्या, तशीच बंदूक माझ्या कपाटात आहे. शनिवारी चला."

"तशीच?"

"कारखाना वेगळा, पण जात तीच. स्वस्त आणि पंप."

शनिवारी आम्ही गेलो. पाहुण्याला ओळखपत्र दाखवून, देखरेख करणाऱ्या माणसाच्या नजरेखाली, एकेक काडतूस भरून नेम धरता येतो. त्या दिवशी देखरेखीला गणिताच्या एक निवृत्त बाई होत्या. आवाज असा की झाडांनी वळून बघावं. त्यांनी तात्यांना पांढरी रेघ दाखवली, बोट हलवलं आणि जर्मनमध्ये बजावलं, "बार सुरू असताना या रेघेपुढे कोणीही जायचं नाही. जो जाईल तो त्या दिवसापुरता बाद." मी ते मराठीत सांगितलं. तात्यांनी मान डोलावली. मुठा कसा ओढायचा ते मी दाखवायला गेलो, तर म्हणाले, "ते राहू दे, ते हाताला माहीत आहे."

कानावर आवाज अडवणारे मफ चढवले की जग पाण्याखाली जातं. धुकं अजून उठलं नव्हतं. दंतवैद्याच्या तबकड्या त्या पांढऱ्यात शिरत होत्या, एखाद्या विचारासारख्या, आणि मध्येच फुटून केशरी धूळ होत होत्या. बाकी सगळं संथ. तात्या ओळीत उभे राहिले, अगदी बँकेच्या दारात उभे राहायचे तसे, टाचा जुळवून. मी एक काडतूस भरून दिलं.

बंदूक उडाली.

तबकडी आपल्या वाटेने निघून गेली. तात्यांच्या खांद्याला धक्का बसला, त्यांनी मुठा पुरता मागे ओढला, लाल काडतूस टणकन उडालं आणि रेघेपलीकडे गवतात जाऊन पडलं. आणि तात्या बंदूक कठड्यावर ठेवून त्याच्या मागे चालू लागले. रेघ ओलांडून.

"हाल्ट!"

सगळं थांबलं. दंतवैद्याने बंदूक उघडून हातावर घेतली. तात्या गवतात वाकलेले, तसेच थबकले, मग ते रिकामं काडतूस मुठीत धरून माझ्याकडे बघू लागले. चेहरा पांढरा पडलेला. "काय झालं रे? माझंच आहे हे."

बाई माझ्याकडे वळल्या. "मी सांगितलं होतं. तुम्ही भाषांतर केलं होतं. त्यांचं आजचं संपलं."

मी म्हणालो, "गेनाऊ, अगदी बरोबर, चूक झाली. फक्त का झाली ते ऐका." आणि मी सांगितलं. आमच्याकडे बँकेच्या गार्डला मोजून काडतुसं मिळतात. एक उडालं तर त्याचं रिकामं कवच परत द्यावं लागतं, तेव्हाच त्या जागी नवं मिळतं. कवच हरवलं तर चौकशी, वर नोकरीवर गदा. सरावाच्या मैदानावर बार झाला की माणूस आधी कवचाकडे धावतो, नेम लागला का ते नंतर बघतो. मग मी त्यांना स्वप्नाचंही सांगितलं. भुशाचं, पाण्याचं. का सांगितलं कोण जाणे, पण जर्मनमध्ये ते सांगणं सोपं गेलं.

बाईंनी तात्यांना हाताने रेघेमागे बोलावलं. तात्यांना वाटलं, आता पोलीस येणार. ते मला हळूच म्हणाले, "माफी माग. म्हणावं, परत नाही होणार. पण विचार, अजून एकदा उडवता येईल का?"

"एकदा उडाली की, तात्या."

"एकदा तर ती मोडकी दुनळीसुद्धा उडायची."

हे मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या पहिल्यांदा हसल्या, अगदी थोडं. घड्याळाकडे पाहिलं. शनिवारी दुपारी शेजारच्या वस्तीसाठी शांततेची वेळ सुरू होते, त्यानंतर बार करता येत नाही. तोवर थोडाच वेळ उरला होता. "नियम नियमच आहे," त्या म्हणाल्या. "ही फेरी ते बाहेर बसतील. पुढची फेरी नवी." दंतवैद्य कुरकुरला, "फेरी नवी असेल, पण दिवस तोच आहे." बाई म्हणाल्या, "देखरेखीला कोण आहे, तू की मी?"

तात्या बाकावर बसून राहिले. ते कवच त्यांनी मुठीतून सोडलं नव्हतं. पुढच्या फेरीला बाई कोपऱ्यातून एक प्लास्टिकची बादली घेऊन आल्या आणि तात्यांच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, आज इथल्या कवचांची जबाबदारी माझी. एकही हरवणार नाही. त्यांनी समोर बघायचं."

मी सांगितलं. तात्यांनी बादलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि हातातलं कवच आधी त्यात टाकलं.

मग बंदूक उडत राहिली. मी एकेक काडतूस देत होतो, ते चाप ओढत होते, मुठा मागे, कवच बाहेर, कधी बादलीत, कधी बाईंच्या बुटांवर. थंडी होती, हवा ओली होती, मी मुद्दाम सगळ्यात हलकी, सगळ्यात स्वस्त काडतुसं आणली होती. एकदाही अडखळली नाही. तबकड्या मात्र सगळ्या सुखरूप जंगलात उतरत होत्या.

बाई मला म्हणाल्या, "हे नेमच धरत नाहीत."

खरंच होतं. तात्या वर बघतच नव्हते. मान किंचित तिरकी करून ते ऐकत होते, धुक्यात बाराचा आवाज लांब जातो आणि झाडांवरून परत येतो तो. तो विरेपर्यंत थांबायचे आणि मगच माझ्यापुढे हात करायचे. शेवटी त्यांनी हात केला नाही. मुठा मागे ओढून आत बोट घालून बंदूक रिकामी आहे ना ते पाहिलं आणि ती मला दोन्ही हातांनी दिली.

नंतर क्लबच्या लाकडी खोलीत सगळे बटाट्याचं सॅलड घेऊन बसले. तात्यांनी सफरचंदाचा रस घेतला आणि खांदा चोळत राहिले. दंतवैद्य समोर येऊन बसला. त्याला कुतूहल होतं. म्हणाला, "तुझे वडील काय, सैन्यात होते का?"

मी म्हणालो, "नाही, बँकेत सिक्युरिटीला."

सिक्युरिटी हा शब्द तात्यांना कळला. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"तसं नको सांगू," ते म्हणाले. "सिक्युरिटीवाले आता मॉलमध्येपण असतात, शिट्टी घेऊन. बंदूकधारी गार्ड म्हण. आणि त्याला सांग, पंप होती माझ्याकडे. चालू पंप."

मी ते जर्मनमध्ये नीट जुळवून सांगितलं. दंतवैद्याने मान हलवली आणि विचारलं, मग ती उडवायची वेळ कधी आली का.

"नाही आली," तात्या म्हणाले, आणि सॅलडचा वाडगा पुढे ओढला. "माझ्या शाखेत कुणाची हिंमत झाली नाही."