काळ्या मातीवरचे चार हंगाम

आमच्या शाळेत मुलींचा फुटबॉलचा संघ होता असं सांगितलं की लोक आजही हसतात. जालन्यात? त्या काळात? मुलींचा? होता. चार हंगाम होता. तो आपोआप बंद पडला नाही. बंद पाडला, आणि कुणी पाडला ते मला माहीत आहे.

सुरुवात झाली आमच्या पीटीच्या बाईंमुळे. बाई हैदराबादेत वाढलेल्या. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि तिकडे फुटबॉल खेळायचे. बाईंना भाऊ नव्हता, म्हणून वडिलांनी चेंडू अडवायला रोज यांनाच अंगणात उभं केलं. त्या जालन्याला नोकरीला आल्या तेव्हा मी आठवीत होते. पहिल्याच तासाला त्यांनी आम्हाला मैदानावर नेलं आणि विचारलं, "पोरींनो, पळता येतं का? मंग झालं तर. बाकीचं मी शिकवते."

आमचा हंगाम म्हणजे दसऱ्याच्या सुमारास जमीन वाळायला लागली की संक्रांतीपर्यंत. शाळेमागचं मैदान काळ्या मातीचं. ओल असली की तळपायांना चिखलाचे जोडे चढायचे, वाळलं की भेगांत अंगठे अडकायचे. बूट कुणालाच नव्हते. स्कर्टखाली भावांचे पायजमे घालायचो. चेंडू बाईंनी रेल्वेच्या लोकांकडून मागून आणलेला, दोन ठिकाणी उसवलेला. मुलांच्या क्रिकेटसाठी शाळेत पेटीभर सामान होतं. आमच्यासाठी हेडमास्तरांकडे फक्त एक वाक्य होतं, "मुलींना खोखो पुरे आहे की."

मी डाव्या बाजूला बचावाला असायची. आम्ही बौद्ध, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. सगळ्यात पुढे खेळायची ती नव्या जालन्यातल्या एका आडत्याची मुलगी. तिच्यासारखं पळणारं मी नंतर कुणी पाहिलं नाही. गोलात उभी राहायची कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, उंच आणि लांब हातांची. बाकीच्या पोरी गल्लीगल्लीतल्या.

पहिल्या हंगामात आमच्याशी खेळायला दुसऱ्या मुलीच नव्हत्या. म्हणून सहावी-सातवीच्या मुलांशी खेळलो आणि हरलो. चतुर्थीच्या दिवशी बाई आम्हाला राजूरला घेऊन गेल्या. तिथल्या मुलांशी सामना ठरला होता. गणपतीचं दर्शन घेऊन परतणारी माणसं मैदानाच्या कडेला थांबली. कुणीतरी ओरडलं, "अरे या या, पोरी नाचून राह्यल्या!" मग हसणं, शिट्ट्या, अंगावर फेकलेल्या नारळाच्या करवंट्या. आम्ही खाली माना घालून खेळलो आणि सपाटून हरलो. येताना एसटीत बाई म्हणाल्या, "हरल्या त्याचं मला काही न्हाई. मान खाली घातली त्याचा राग आलाय. ती मान काय त्यांच्या बापाची आहे का?"

दुसरा हंगाम बहात्तरच्या दुष्काळाचा. जिनिंग बंद पडलं. आम्ही सगळे खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलो. शाळा आठवड्यातून जमेल तेवढी. रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, हातांना फोड, डोळ्यांत कचकच. एका रविवारी बाई कामावर आल्या. उन्हात, डोक्यावर पदर, काखेत चेंडू. मी मुकादमाकडे बघितलं. माझ्या आईनं हातोडा खाली न ठेवताच मला म्हटलं, "जाय, खेळ. तुझ्या वाटची मी फोडते." मग रस्त्यासाठी सपाट केलेल्या मुरमावर आम्ही जमलेल्या चार-सहा पोरी खेळलो. बाया हातातलं काम थांबवून बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावून विचारलं, "हे कशापायी?" बाई म्हणाल्या, "कशापायीच न्हाई. पोरी आहेत, खेळून राह्यल्यात."

ही बातमी शाळेत पोचली. हेडमास्तरांनी बाईंना सगळ्या शिक्षकांसमोर झापलं. लोक पाण्यावाचून मरताहेत आणि तुम्हाला खेळ सुचतो, म्हणे. त्याच महिन्यात मुलांच्या क्रिकेटचे सामने झाले. खेळपट्टीवर टँकरनं पाणी मारलं. पाहुणे आले, हार झाले, चहा झाला. ते पाणी कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. मी दिंडीदरवाज्यातून बघत होते. एका घागरीसाठी माझी आई पहाटे उठून विहिरीवर बारीला बसायची. क्रिकेटमधलं मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. ओली खेळपट्टी मात्र चांगली कळत होती.

तिसऱ्या हंगामात पाऊस झाला होता. आम्ही मोठ्या झालो होतो, चेंडूवर पाय बसला होता. हरणं कमी झालं, मग बरोबरी, मग जिंकायला लागलो. परतूर तालुक्यातल्या एका मोठ्या गावातून निरोप आला की आमच्याही मुली खेळतात, या. पहिल्यांदा मुलींशी सामना! आम्ही रेल्वेनं परतूर, तिथून बैलगाडीनं गेलो. आडत्याच्या मुलीनं सगळ्यांना दशम्या आणल्या होत्या. गाडीत आम्ही खाताना कुणाच्या हातातलं कुणी खाल्लं याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

मध्यंतराला आम्ही एक गोल मागे होतो. तिथले एक शिक्षक घागर आणि तांब्या घेऊन आले. अगदी नम्र माणूस. बाईंच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, पण आम्हाला ऐकू आलं.

"बाई, ह्यांच्यात बौद्धांच्या पोरी कोणत्या तेवढं सांगा. म्हंजे पाण्याचं बराबर करता येईल."

बाईंनी आमच्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "सगळ्याच."

"सगळ्याच?"

"बिलकुल. मला धरून."

शिक्षकांनी घागरीतून तांब्या भरला. मग त्यांनी तांब्या उंच धरला आणि म्हणाले, "मंग ओंजळ करा." पहिली ओंजळ आडत्याच्या मुलीनं पुढे केली. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ती प्यायली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसली. मग दुसरी, मग तिसरी. माझ्या आधी कारकुनाच्या मुलीची पाळी आली. तिनं हात मागे घेतले.

"मी न्हाई हं त्यातली. मला तांब्यात द्या."

तिला तांब्यात मिळालं. ती वर तोंड करून प्यायली. आम्ही सगळ्या बघत होतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला न्हाई प्यायचं." बाई म्हणाल्या, "घे गं, ऊन आहे." मी प्याले नाही.

लोकांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा त्यांना बाईंचा अभिमान वाटतो. आडत्याच्या मुलीचा वाटतो. मलाही वाटतो. पण त्या दिवशी मला संतापानं काही दिसत नव्हतं, आणि तो संताप फक्त त्या शिक्षकावर नव्हता. बाईंसाठी आणि त्या मुलीसाठी ती एक दुपार होती. आम्हाला ते रोजचं होतं. माझं काय करायचं ते बाई आणि तो शिक्षक, दोघांनी माझ्या डोक्यावरून ठरवलं होतं आणि मला कुणी विचारलंच नव्हतं.

मध्यंतरानंतर आम्ही दोन गोल केले, दोन्ही आडत्याच्या मुलीनं. शेवटी शेवटी त्यांची एक पोर चेंडू घेऊन सरळ आमच्या गोलवर आली, आणि कारकुनाच्या मुलीनं अंग झोकून तो अडवला. गुडघा फुटला तिचा. आम्ही जिंकलो. कुणी तिला उचललं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी एकटी बसली होती, गुडघ्याला रुमाल बांधून. जिंकून आलेल्या पोरी अशा गप्प बसलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

तिनं घरी सांगितलं. सोमवारी पालक शाळेत. बाईंनी चांगल्या घरच्या पोरींची जात बुडवली, परगावी जाऊन त्यांना नको ते म्हणवलं, असा बोभाटा. आडत्यानं मुलीला शाळेतूनच काढलं. हेडमास्तरांनी कुणाची बाजू घेतली नाही असं ते नंतर सांगायचे. बाजू न घेता त्यांनी संघ बंद केला आणि बाईंना पीटीवरून काढून पहिली-दुसरीच्या मुलांवर बसवलं. ज्या गावात तांब्या उंच धरला गेला, तिथे मात्र साधं पत्रसुद्धा गेलं नाही.

चौथ्या हंगामात मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. मी आणि दोघी-तिघी हेडमास्तरांकडे गेलो. मी म्हटलं, "सर, चेंडू द्या. आम्ही आमचं आमचं खेळतो."

"मुलींच्या अंगाला हा खेळ बरा नसतो," ते म्हणाले.

"मंग तीन वर्षं बरा होता तो?"

"उलट बोलू नकोस. फीमाफी आहे ना तुला?"

त्यांना एवढंच म्हणायचं होतं. मी बाहेर आले. आम्ही चिंध्यांचा चेंडू केला आणि कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात खेळायला लागलो. एक दिवस कारकुनाची मुलगी काठावर येऊन उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "गोलात उभी राहू का?" कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही. ती निघून गेली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, वाटायला हवं असं लोक म्हणतात तरी. पौषात वाळूच्या गाड्या पात्रात यायला लागल्या, पोरी एकेक करत कमी झाल्या, आणि संपलं. आडत्याच्या मुलीचं त्याच उन्हाळ्यात लातूरकडे लग्न झालं. बाई राजीनामा देऊन हैदराबादला परत गेल्या. जायच्या आधी आमच्या घरी आल्या, आईच्या हातचा चहा घेतला. मला म्हणाल्या, "त्या दिवशी तुला विचारायला पाहिजे होतं मी." एवढं म्हणणारं त्या सगळ्या प्रकरणात दुसरं कुणी निघालं नाही.

मी शिक्षिका झाले. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात हेडमास्तर भेटले. थकले होते. मुलाच्या आधारानं चालत होते. मला ओळखलं आणि चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी! त्या काळात आम्ही मुलींना फुटबॉल खेळवला, बरं का!"

लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. मी म्हटलं, "तुम्ही न्हाई खेळवला सर. तुम्ही बंद पाडला."

ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तो काळच तसा होता गं."

"काळाच्या खुर्चीत तुम्हीच बसलेले होते, सर."

त्यांच्या मुलानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाजूला नेलं. शेजारची एक बाई मला म्हणाली, "म्हातारा माणूस आहे हो, शुभकार्यात कशाला?" मी पंगतीत बसले आणि पोटभर जेवले.